सेट पास, जागा नाही : एम.ए. इंग्रजीनंतरच्या एका निर्णयाची नोंद

२० जून २०२४ ला सकाळी ती माझ्याकडे आली. १८ तारखेला झालेली यूजीसी-नेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची देशपातळीवरची पात्रता परीक्षा, १९ च्या रात्री रद्द झाल्याचं जाहीर झालं होतं. "मॅडम, पेपर चांगला गेला होता," एवढंच म्हणाली आणि बराच वेळ गप्प बसून राहिली.

ती माझी बी.ए.ची विद्यार्थिनी. तेव्हा वय २८. २०१८ मध्ये बी.ए., २०२० मध्ये इंग्रजीत एम.ए., ५९ टक्के. सप्टेंबर २०२१ ची सेट, म्हणजे तशीच राज्यपातळीवरची परीक्षा, थोडक्यात हुकली, मार्च २०२३ ची पास झाली. जुलै २०२१ पासून तालुक्याच्या ठिकाणी एका अनुदानित महाविद्यालयात तासिका तत्त्वावर, म्हणजे सगळे ज्याला सीएचबी म्हणतात त्यावर, शिकवत होती. पदवी होती, पंचावन्न टक्क्यांची अट पूर्ण होती, सेट होती, तीन वर्षांचा अनुभव होता. नोकरी नव्हती.

"इंग्रजीत एम.ए. कर, सेट-नेट हो, प्राध्यापक होशील," हे तिला सांगणारी मीच. मी नोकरीला लागले त्या काळात ते खरं होतं. माझ्यानंतर त्या वाटेवर गर्दी किती वाढली आणि पुढचं दार किती वर्षं बंद राहतं, याचा हिशेब मी विद्यार्थ्यांसमोर कधी मांडला नव्हता. तो हिशेब मी पहिल्यांदा मांडला तो तिच्यासाठी, त्या सकाळी.

आधी पैसे

सीएचबीवर तिला आठवड्याला नऊ तास मिळत. पदवी वर्गाच्या तासाला ९०० रुपये. म्हणजे आठवड्याचे ८,१०० रुपये. ऐकायला बरं वाटतं. पण तास झाला तरच पैसे. सुट्ट्या, परीक्षा, स्नेहसंमेलन, निवडणुकीचं काम, उन्हाळा हे सगळं वजा केल्यावर २०२३-२४ या वर्षात तिचे प्रत्यक्ष २३ आठवडे भरले. १,८६,३०० रुपये. बारा महिन्यांवर पसरले तर महिन्याला १५,५२५. तेही दरमहा नाही, बिलं मंजूर झाली की एकदम. जानेवारीतल्या तासांचे पैसे मे महिन्यात आले होते. त्याच विभागात, त्याच फळ्यासमोर उभ्या राहणाऱ्या नव्या कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतनच सातव्या वेतन आयोगानुसार ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं.

हे दोन आकडे मी कागदावर शेजारी शेजारी लिहिले तेव्हा ती म्हणाली, "हे मला माहीत आहे मॅडम. पण सोडलं आणि पुढच्याच वर्षी जाहिरात आली तर?"

सीएचबीवरच्या माणसाला बांधून ठेवतो तो हा प्रश्न. जागा निघेल, आपण आत असलेलं बरं, संस्थेला आपला चेहरा ओळखीचा असलेला बरा. तिच्या वडिलांनी मला फोनवर विचारलं होतं, "मॅडम, पोरीचं पर्मनंटचं कधी होईल?" मला उत्तर देता आलं नव्हतं, कारण उत्तर कुणाकडेच नव्हतं. पदभरतीला शासनाची मान्यता, बिंदुनामावली (कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची ते ठरवणारी यादी), विद्यापीठाची परवानगी, मग जाहिरात. यातलं एकही पाऊल उमेदवाराच्या हातात नाही.

म्हणून पहिलं काम आम्ही हे केलं की तिच्या हातात काय आहे आणि काय नाही, ते वेगळं काढलं. सेट तिच्या हातात होती आणि ती आयुष्यभर वैध आहे. सीएचबी सोडल्याने सेट जात नाही. पाच वर्षांनी जाहिरात आली तरी ती अर्ज करू शकते. हे तिला माहीत होतं, पण मनात ते कधी नीट बसलं नव्हतं. ते बसायला त्या दिवशी अर्धा तास गेला, आणि पुढचं सगळं त्या अर्ध्या तासामुळे शक्य झालं असं मला वाटतं.

बंद दारं, अर्धवट उघडी दारं

तिच्या डोक्यात पीएच.डी. होती. २०२१ पासून विद्यापीठांतल्या सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. सक्तीची होणार म्हणून सगळीकडे धास्ती होती. मग ती तारीख २०२३ वर गेली, आणि जुलै २०२३ मध्ये यूजीसीने नेट, सेट किंवा स्लेट हीच किमान पात्रता ठेवून पीएच.डी. ऐच्छिक केली. धास्ती संपली, तरी "निदान पीएच.डी. तरी करते" हे वाक्य तिच्या तोंडात राहिलं होतं. मी विचारलं, "विषय कोणता?" तिला सांगता आला नाही. कमीत कमी तीन वर्षं, नियमाने सहापर्यंत, हातात शिष्यवृत्ती नाही आणि मनात प्रश्न नाही. अशी पीएच.डी. म्हणजे नुसती वाट बघण्याची खोली, असं माझं ठाम मत आहे, आणि ते मी तिला तसंच सांगितलं. जेआरएफ, म्हणजे नेटमध्ये वरचे गुण मिळाले तर मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर गोष्ट वेगळी. पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. माणूस निवांत वाचू शकतो. तिचं वय जेआरएफच्या तिशीच्या मर्यादेत होतं. म्हणून फेरपरीक्षा द्यायची हे ठरलं.

दुसरं दार बी.एड.चं. यावर आम्ही बराच वेळ घालवला, कारण एम.ए. इंग्रजीसाठी हे खरंखुरं दार आहे आणि प्राध्यापकीच्या नादात आपण त्याकडे कमीपणाने बघतो. बी.एड. दोन वर्षांचं. त्याची सीईटी द्यावी लागते, आणि इंग्रजी माध्यमातून करायचं तर ईएलसीटी ही इंग्रजीची वेगळी चाचणीही. एम.ए. आणि बी.एड. झालं की कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला शिकवता येतं. केंद्रीय विद्यालयात पीजीटी इंग्रजी, म्हणजे अकरावी-बारावीच्या इंग्रजी शिक्षकाच्या पदासाठी अर्ज करता येतो, तिथे मूळ वेतन ४७,६०० पासून आहे. राज्यातल्या अनुदानित शाळांसाठी मात्र आधी टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, मग शिक्षकभरतीचं सरकारी पवित्र पोर्टल, मग तीन वर्षं शिक्षण सेवक. उच्च माध्यमिकच्या शिक्षण सेवकाला २०,००० रुपये मानधन. ही अभियोग्यता चाचणी तोवर फक्त दोनदा झाली होती, २०१७ च्या अखेरीस आणि मग थेट २०२३ मध्ये. (तिसरी पुढे २०२५ मध्ये झाली.) तिने बोटांवर मोजलं: बी.एड. संपेल तेव्हा ३०, पुढची चाचणी कधी ते ठाऊक नाही, त्यानंतर तीन वर्षं मानधन. "परत रांगच ना, मॅडम?" बावीस वर्षांच्या मुलीला मी हेच दार पहिल्यांदा दाखवीन. तिच्यासाठी ते उशिराचं होतं.

तिसऱ्या दाराबद्दल मला अजूनही वाईट वाटतं. केंद्र सरकारच्या कार्यालयांत कनिष्ठ अनुवाद अधिकारी असतात. त्यांची परीक्षा कर्मचारी निवड आयोग घेतो. हिंदीत एम.ए. आणि पदवीला इंग्रजी असेल तर अर्ज करता येतो, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. उलट बाजूही चालते, म्हणजे इंग्रजीत एम.ए. आणि पदवीला हिंदी, हे आमच्या विभागात कुणालाच माहीत नव्हतं. त्याला जोडून अनुवादाची पदविका किंवा दोन वर्षांचा अनुभव लागतो. वयाची अट तीस, वेतनश्रेणी ३५,४०० पासून. पहिला पेपर हिंदी आणि इंग्रजीचा वस्तुनिष्ठ, दुसरा अनुवाद आणि निबंधाचा. ही मुलगी त्या दुसऱ्या पेपरसाठीच घडलेली आहे असं मला वाटलं. आम्ही तिची बी.ए.ची गुणपत्रकं काढली. तिन्ही वर्षांत हिंदी कुठेच नव्हती. प्रथम वर्षाला प्रवेश घेताना हिंदी की मराठी असा पर्याय होता. खिडकीसमोरच्या रांगेत, मैत्रिणीने मराठी घेतली म्हणून तिनेही मराठी घेतली होती. दार बंद. मराठी घेतली यात चूक काहीच नाही. एकोणिसाव्या वर्षी पाच मिनिटांत केलेल्या निवडीला नऊ वर्षांनी असा अर्थ येऊ शकतो, हे सांगायला त्या रांगेत कुणी उभं नव्हतं, याची खंत आहे. आता दर जूनमध्ये मी प्रथम वर्षाच्या मुलांना हे सांगते. सोबत हेही सांगते की बँकांच्या राजभाषा अधिकारी पदांसाठी आयबीपीएस जी परीक्षा घेते, तिथे इंग्रजीतलं एम.ए. चालत नाही, तिथे हिंदी किंवा संस्कृतचं एम.ए. लागतं. सारख्या दिसणाऱ्या दोन पदांच्या अटी वेगळ्या असतात. जाहिरात स्वतः वाचावी, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नये.

स्पर्धा परीक्षा तिला करायच्या नव्हत्या. ते तिथेच सोडलं.

तीन वर्षांत लोक कशासाठी आले?

दुसऱ्या भेटीला मी तिला एक यादी करून आणायला सांगितली होती. गेल्या तीन वर्षांत, शिकवणं सोडून, लोक तुझ्याकडे कोणती कामं घेऊन आले? लहान असो, फुकट असो, सगळं लिही.

यादी दीड पान भरली. प्राचार्यांनी नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, अहवालाचं इंग्रजी तपासायला दिलं होतं. वाणिज्य शाखेच्या तिघांचे शोधनिबंध तिने नीट केले होते. रसायनशास्त्राच्या एका सरांचा २१० पानांचा प्रबंध तिने शेवटपर्यंत वाचून दिला होता. परदेशी विद्यापीठात अर्ज करणाऱ्या दोन मुलांची उद्दिष्टपत्रं. एका संस्थेच्या मराठी माहितीपत्रकाचं इंग्रजी. प्रबंधाच्या आभाराच्या पानावर तिचं नाव होतं. पैसे कुणी विचारले नव्हते, तिनेही मागितले नव्हते.

"यातलं सगळ्यात आवडलेलं काम कोणतं?" तिने रसायनशास्त्राचा प्रबंध सांगितला. मला नवल वाटलं. ती म्हणाली, "त्यातलं रसायनशास्त्र मला कळत नव्हतं मॅडम, पण एका प्रकरणात सरांनी जे नाव वापरलं होतं तेच पुढच्या प्रकरणात वेगळं लिहिलं होतं. ते सापडलं की मजा यायची."

हे वाक्य ऐकलं आणि मला दिशा दिसली. साहित्याच्या अभ्यासातून अशी नजर तयार होते, पण आपण तिला कामाचं नाव देत नाही. त्या कामाचं नाव आहे प्रत-संपादन, कॉपीएडिटिंग. जगभरातल्या संशोधन-नियतकालिकांचं आणि विद्यापीठीय पुस्तकांचं बरंचसं संपादन, अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन भारतात होतं. ही कामं करणाऱ्या कंपन्या प्रवेश-चाचणी घेतात, आणि चाचणी जमली तर एम.ए.च्या टक्क्यांवर फारसं अडत नाही. तांत्रिक लेखन, ई-लर्निंगसाठी धड्यांची आखणी, उपशीर्षकं, स्थानिकीकरण हेही आम्ही पाहिलं. तांत्रिक लेखनात पैसा जास्त आहे, पण त्यासाठी सॉफ्टवेअर कसं चालतं हे शोधत बसण्याची हौस लागते. ती हौस तिला नव्हती, आणि नसलेली हौस आणता येत नाही.

पहिली चाचणी

ऑगस्टमध्ये तिने पहिली चाचणी दिली आणि नापास झाली. ही चाचणी मी नंतर पूर्ण वाचली. एम.ए. इंग्रजी झालेला माणूस या कामात नेमका कुठे अडखळतो ते मला तिच्यातून कळलं, म्हणून त्यावर जरा थांबते.

वैद्यकीय संशोधनातला चार पानांचा उतारा होता. तिने तो सुंदर केला होता. कर्मणी प्रयोग काढून टाकले होते, लांब वाक्यं तोडली होती, पुन्हा पुन्हा येणारे शब्द बदलले होते. 'सिग्निफिकंट' हा शब्द पाच वेळा आला होता. तिने तीन ठिकाणी त्याचं 'इम्पॉर्टंट' केलं होतं. संख्याशास्त्रात 'सिग्निफिकंट'चा अर्थ ठरलेला आहे: प्रत्यक्षात फरक नसेल तर निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कमी आहे. निष्कर्ष महत्त्वाचा आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. एका शब्दाने तिने तीन निष्कर्ष बदलले होते. आणि मजकुरात १२४ रुग्ण म्हटलं होतं, तक्त्याची बेरीज १४२ येत होती. ते तिच्या नजरेतून सुटलं होतं.

आम्ही वर्गात अर्थाच्या छटा शिकवतो, शैली शिकवतो, विद्यार्थ्याने स्वतःचं वाचन मांडावं म्हणून प्रोत्साहन देतो. प्रत-संपादकाला हे सगळं येत असूनही हात आवरावा लागतो. लेखकाचा आवाज तसाच ठेवायचा, शंका आली तर स्वतः ठरवून मोकळं न होता लेखकाला प्रश्न लिहायचा, केलेला प्रत्येक बदल दिसेल असा ठेवायचा, पहिल्या पानावर जे रूप स्वीकारलं तेच शेवटच्या पानापर्यंत चालवायचं. "मी लेखकाचं काम केलं," ती म्हणाली. तिला ते लागलं होतं, पण कळलंही होतं.

पुढचे दोन महिने तिने रोज एक छापील शोधनिबंध घेतला. प्रत्येक तक्त्याची बेरीज केली. मजकुरातला प्रत्येक संदर्भ शेवटच्या यादीत आहे का ते जुळवलं. कोणते शब्द कसे लिहिलेत याची स्वतःची वही केली. ओळखीच्या दोन प्राध्यापकांचे निबंध तिने तपासून दिले, या वेळी पानामागे पैसे ठरवून. पैसे मागताना तिचा आवाज कापत होता असं तिने सांगितलं. दोघांनीही काही न बोलता दिले.

दरम्यान नेटची फेरपरीक्षा झाली आणि ऑक्टोबरमध्ये निकाल लागला. ती सहायक प्राध्यापकपदासाठी पात्र ठरली, जेआरएफ हुकली. सेट राज्यापुरती असते, नेटने देशभराची पात्रता मिळाली. त्याचा आनंद झाला. पीएच.डी.चा विषय मात्र तिथे मिटला. तिनेच मिटवला.

नोकरी

नोव्हेंबरमध्ये दुसरी चाचणी, दुसऱ्या कंपनीची. ती जमली. जानेवारी २०२५ पासून घरून काम, महिन्याला २६,००० रुपये, एक तारखेला. या 'एक तारखेला'चं तिला किती अप्रूप वाटलं, ते पहिल्या पगाराच्या दिवशी तिने केलेल्या फोनवरून कळलं. सीएचबी तिने सत्र संपवून सोडली. अर्ध्या सत्रात मुलांना सोडायचं नाही यावर ती ठाम होती.

सगळं गोड नाही. दिवसाला ठरलेली पानं संपवावीच लागतात, डोळे दुखतात, वर्गातली माणसं आठवतात. आणि या कामावर यंत्राची सावली आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. मजकुरावरून पहिला हात आता बऱ्याचदा सॉफ्टवेअर फिरवतं. नुसतं व्याकरण सुधारणाऱ्या माणसाची गरज कमी होत चालली आहे. यंत्राने जे बदललं ते बरोबर आहे का, हे सांगणाऱ्याची गरज अजून आहे. ती किती वर्षं राहील हे मी तिला सांगू शकले नाही. म्हणून दुसऱ्या वर्षी तिने वैद्यकीय संशोधनाची परिभाषा आणि संख्याशास्त्राची प्राथमिक ओळख करून देणारा अभ्यासक्रम घेतला. इंग्रजीच्या विद्यार्थिनीने संख्याशास्त्र! मध्यंतरी तिने मला एक पान दाखवलं. सॉफ्टवेअरने एका जागी 'सिग्निफिकंट'ला पर्याय सुचवला होता: 'इम्पॉर्टंट'. तिने तो नाकारला होता आणि शेजारी कारण लिहिलं होतं.

या प्रकरणात मी काय वेगळं केलं असतं? यादीचा प्रश्न मी तिला एम.ए.च्या पहिल्या वर्षीच विचारायला हवा होता. तेव्हा तिच्याकडे वेळ होता, आणि पदवीसोबत अनुवादाचा किंवा संपादनाचा लहानसा अभ्यासक्रम सहज झाला असता. सेट-नेटचा अभ्यास त्यामुळे अडला नसता. सीएचबीबद्दलही मी तिला आधीच सांगायला हवं होतं: दोन वर्षं शिकण्यासाठी घे, तारीख ठरवून घे, तिसऱ्या वर्षात शिरण्याआधी पुन्हा बसून हिशेब कर.

जानेवारी २०२६ मध्ये एका अनुदानित महाविद्यालयाची इंग्रजीच्या कायम जागेची जाहिरात आली. तिने अर्ज करायचं ठरवलं. अर्जात अध्यापनाच्या अनुभवाचा रकाना होता, संशोधनाचा होता. संपादनाचं एक वर्ष कुठे लिहू, असं तिने विचारलं. मी म्हटलं, वेगळं पान जोड. रात्री तिने ते पान मला वाचायला पाठवलं. मी लाल पेन घेऊन बसले, आणि पेनाचं टोपण काढावं लागलं नाही. मुलाखतीची तारीख अजून आलेली नाही.